गिअर पडत नाही, तेव्हा...

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



राजापेठेत ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करताना एक वाक्य मी सर्वांत जास्त ऐकले आहे. भातकुलीचा शेतकरी असो, बडनेऱ्याचा असो की नांदगाव खंडेश्वरचा, दुकानाच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता तो सांगतो, "भाऊ, गेर पडून नाही राह्यला." आणि लगेच पुढचे वाक्य येते, "गिअरबॉक्स गेला वाटते." यातले पहिले वाक्य खरे असते. दुसरे पुष्कळदा खरे नसते. या दोन वाक्यांमध्ये जो फरक आहे, त्यात शेतकऱ्याचे हजारो रुपये आणि कधी कधी अख्खी पेरणी अडकलेली असते. आजचे बोलणे त्या फरकाविषयी आहे.

आपल्या वऱ्हाडातली जमीन काळी, चिकण. पाऊस पडला की चार दिवस पाय घालू देत नाही, आणि उघडीप मिळाली की बघता बघता कडक होते. मधला जो वापसा असतो, तो फार थोडा काळ टिकतो. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. तेवढा पाऊस झाला, वापसा आला आणि नेमका त्या दिवशी ट्रॅक्टर अंगणात उभा राहिला, तर दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने मिळेलच असे नाही, कारण त्या चार दिवसांत साऱ्या गावालाच ट्रॅक्टर हवा असतो. ज्याच्याकडे जुना ट्रॅक्टर आहे त्याची ही खरी धास्ती असते.

जुने ट्रॅक्टर आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि ते टाकाऊ मुळीच नाहीत. आपल्या देशात ट्रॅक्टर तयार होऊ लागले ते १९५९ पासून. त्या वर्षी फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरले. ते भरवण्यात पुढाकार होता तो आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचा, ते तेव्हा केंद्रात कृषिमंत्री होते. पुढे १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया निघाली आणि १९६५ पासून तिचा बी-२७५ शेतात दिसू लागला. १९७१ पासून एचएमटीने झेटर बनवले, १९७४ मध्ये स्वराज आला. मॅसी फर्ग्युसन १०३५ तर आजही गावोगावी दिसतो. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला, तरी त्याचे ट्रॅक्टर शेतात चालतातच. कारण या यंत्रांची रचना साधी आहे. ज्याला ती रचना कळली, त्याला अर्धा दोष घरीच ओळखता येतो.

तर आधी रचना पाहू. इंजिनाच्या मागे एक जड चाक फिरत असते, ते फ्लायव्हील. त्याच्या मागे गिअरबॉक्स. या दोघांच्या मधोमध क्लच प्लेट असते. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा तिला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरतात. दाबलेली असली की इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला मिळते. आपण पॅडल दाबतो तेव्हा एक बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेटच्या बोटांना ढकलते, स्प्रिंगांचा दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. इंजिन फिरते, पण गिअरबॉक्सकडे ताकद जात नाही. अशा वेळीच गिअर बदलायचा असतो. जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये मोटारीसारखी दात्यांचा वेग जुळवून घेणारी सोय नसते. म्हणून प्लेट पूर्ण सुटली नाही तर दाते फिरतच राहतात आणि आपण दांडी सारली की करकर आवाज येतो.

यावरून दोन वेगळे रोग लक्षात येतील. क्लच नीट सुटत नाही, हा एक. आणि क्लच नीट धरत नाही, हा दुसरा. पहिल्यात गिअर पडताना करकरतो. दुसऱ्यात गिअर सहज पडतो, पण नांगर जमिनीत गेला की इंजिनाचा आवाज वाढतो आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. जळक्या लायनिंगचा वास येतो. पुष्कळ जण या दोन्हींना मिळून 'क्लच गेला' म्हणतात. पण दोघांचे उपाय उलटे आहेत.

आता परीक्षा. ही कोणालाही करता येते, पाना लागत नाही. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा. क्लच दाबून एकेक गिअर टाकून पाहा. एखादा अडला तर दात्यावर दाता आला असेल. हँडब्रेक सोडून ट्रॅक्टर हाताने थोडा पुढेमागे ढकला, परत हँडब्रेक लावा आणि पुन्हा टाका. सगळे गिअर असे शांतपणे पडले, तर गिअरबॉक्सची दांडी, काटे, पट्ट्या यांत बहुधा दोष नाही. मग दांडी न्यूट्रलला आणून, सीटवर बसून इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद थांबा आणि मागचा गिअर हलक्या हाताने टाकून पाहा. आता करकरला, तर दोष क्लचचा आहे, गिअरबॉक्सचा नाही. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल, तरच गिअरबॉक्सकडे पाहायचे. दोन मिनिटांची ही परीक्षा केल्याशिवाय कोणी तुम्हाला गिअरबॉक्स उघडायला सांगत असेल, तर त्याला नम्रपणे थांबवा.

अशी एक हकिकत सांगतो. एका काकांचा ट्रॅक्टर जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे ओढून आणला होता. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना गिअरबॉक्सचे सगळे काम सांगितले होते. बियाण्या-खतासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले असते. काका म्हणाले, "बापा, एवढा खर्च केला तं पेरू कायच्यावर?" मी इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहिले, सगळे लोण्यासारखे पडले. मग पॅडलपासून क्लचपर्यंत जाणारा रॉड पाहिला. त्याच्या टोकाची पिन झिजून निम्मी झाली होती आणि तिचे भोक लांबट झाले होते. पॅडल पूर्ण दाबले तरी निम्मा दाब त्या ढिलेपणातच संपत होता. क्लच सुटणार कसा? भोक भरून घेतले, नवी पिन बसवली, पॅडल जुळवले. संध्याकाळी काका ट्रॅक्टर चालवत घरी गेले.

पॅडल जुळवणे म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पॅडल हाताने हळूच दाबले की सुरुवातीला ते मोकळे जाते, मग जोर लागतो. ही मोकळी चाल बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना साधारण एक इंच असते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो आणि तोच धरावा. पॅडलपाशी एक इंच म्हणजे आत बेअरिंगपाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. एवढ्याशा जागेवर सगळा क्लच अवलंबून असतो.

इथे एक गंमत आहे. लोकांना वाटते, वस्तू झिजली की ढिली होते. पण क्लच प्लेट झिजली की पॅडलची मोकळी चाल वाढत नाही, कमी होते. कारण प्लेट पातळ झाली की आतली बोटे बेअरिंगच्या जवळ येतात. ही चाल संपली की पाय काढल्यावरही बेअरिंग बोटांना टेकून राहते, स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटवर येत नाही आणि क्लच घसरू लागतो. उलट, रॉड, पिना आणि बुशिंग झिजले की चाल वाढते आणि क्लच सुटत नाही. म्हणून चाल कमी झाली की वाढी, जास्त झाली की कमी, ही एवढी तपासणी दर ५०-६० तासांच्या कामानंतर लाकडी पट्टी घेऊन करावी. रॉडवरचा चेकनट सैल करायचा, रॉड फिरवून चाल बसवायची आणि चेकनट पुन्हा घट्ट करायचा. तो घट्ट करायचे राहिले तर सगळे जुळवणे दोन दिवसांत वाया जाते.

आता क्लच घसरण्याविषयी. ३५ अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे सुमारे २६ किलोवॅट. पूर्ण ओझ्यावर क्लच एक चतुर्थांश जरी घसरला तर सहा-साडेसहा किलोवॅटची उष्णता त्या पातळ प्लेटमध्ये तयार होते. एक किलोवॅटच्या सहा विजेच्या शेगड्या एका ताटात पेटवल्यासारखे ते आहे. प्लेट जळणार नाही तर काय होईल? आणि ती घसरते बहुधा आपल्याच सवयीने. धुऱ्यावर वळताना अर्धा क्लच धरणे, चालवताना पाय पॅडलवर टेकवून ठेवणे, ट्रॉली भरताना पुढेमागे करत राहणे. पाय टेकवायला ट्रॅक्टरला पायपट्टी दिलेली असते. ती रिकामी आणि पॅडलवर मात्र बुटाचा ठसा, असे मी कितीतरी ट्रॅक्टरांवर पाहिले आहे.

घसरण्याचे दुसरे कारण तेल. इंजिनाचे मागचे सील किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे सील फुटले की तेल प्लेटवर येते. क्लचच्या घराला खाली एक भोक असते. तिथून तेलाचे थेंब पडत असतील तर ते सीलचे बोलणे आहे. काही जण ते भोक बंद करून टाकतात. त्याने गळती थांबत नाही. ती फक्त दिसेनाशी होते.

क्लच न सुटण्याचे एक कारण खास पावसाळ्यातले आहे. मळणीनंतर ट्रॅक्टर महिना-दोन महिने उघड्यावर उभा राहिला की ओलीने गंज चढून प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. पॅडल पूर्ण जाते, पण ट्रॅक्टर थांबत नाही. यावर सोपा उपाय आधीच करायचा. जास्त दिवस उभा ठेवायचा असेल तर पॅडल दाबून त्याला लाकडाची खुंटी द्यावी, किंवा पॅडल अडकवायची खिट्टी असेल तर ती लावावी. चालवताना ती काढायला मात्र विसरू नये.

गिअरबॉक्सचेही दोष असतात, ते नाकारून चालणार नाही. गिअर आपोआप बाहेर येत असेल, तर आधी दांडीखालची गोळी-स्प्रिंग पाहायची. वरचे झाकण उघडले की ते काम होते. ट्रॅक्टर फोडावा लागत नाही. स्प्रिंग बसली असेल, काटा झिजला असेल, किंवा दांडीचे खालचे टोक गोल झाले असेल. त्यानंतरच दात्यांची टोके पाहायची. एकाच वेळी दोन गिअर पडून ट्रॅक्टर जागीच जखडला, तर दांडीचे टोक खाचेतून निसटले किंवा दोन पट्ट्यांना आळीपाळीने अडवणारी पिन झिजली, असे समजावे. तेव्हा इंजिनाचा जोर लावून सोडवायला जाऊ नये, दाते तुटतात. तेल बदलताना चुंबकाला लागलेला बारीक काळा चिखल नेहमीचाच आहे. पण चकचकीत चकत्या किंवा दात्याचा तुकडा निघाला तर काम वाढले म्हणायचे. तेल दुधासारखे पांढरट झाले असेल तर आत पाणी गेले आहे.

आवाजावरूनही कळते. न्यूट्रलमध्ये पॅडल दाबल्यावरच कुईकुई आवाज येतो आणि पाय काढला की थांबतो, तर क्लचचे बेअरिंग. उलट पाय काढल्यावर घरघर येते आणि पॅडल दाबले की थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग.

आता प्लेट बदलायचीच ठरली, तर ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो. त्यात मजुरी आणि दिवस जातात. म्हणून एकदा उघडल्यावर फक्त प्लेट टाकून मोकळे होऊ नये. क्लचचे बेअरिंग, फ्लायव्हीलमधले लहान बेअरिंग, दोन्ही सीलें, प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची, सगळे एकदमच पाहावे. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा भेगा दिसल्या तर ते खराद्याकडे नेऊन तपासावे. प्लेट उलटी बसली तर क्लच कधीच सुटणार नाही, म्हणून काढताना तिची बाजू खडूने लिहून ठेवावी. आणि एक महत्त्वाचे: जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे. क्लचच्या घरातली धूळ हवेच्या नळीने फुंकू नये. तिचे कण फुप्फुसात गेले तर पुढे कित्येक वर्षांनी आजार होतो. ओल्या फडक्याने पुसावी. दुकानातल्या पोरांच्या हातून फुंकून घेण्याची जी सवय आहे, ती आपण मोडली पाहिजे.

शेवटी सर्वांत गंभीर गोष्ट. क्लच सुटत नसला की पुष्कळ चालक एक तोड काढतात. इंजिन बंद करायचे, गिअर टाकायचा आणि गिअरमध्येच सेल मारायचा. ट्रॅक्टर उडी मारून निघतो. काही दिवस काम भागते. गिअरमध्ये सेल लागू नये म्हणून ज्या ट्रॅक्टरांना स्विच असतो, तो यासाठी जोडून टाकला जातो. मग एखाद्या दिवशी सेल लागत नाही म्हणून कोणी खाली उतरतो, चाकाजवळ उभा राहून पेचकसाने सेलची दोन टोके जोडतो. गिअर टाकलेला आहे हे त्याच्या ध्यानात नसते. इंजिन लागते आणि मागचे चाक त्याच्या अंगावर येते. अशा रीतीने माणसे मेली आहेत, मेलेल्यांत सरावलेले चालकही आहेत. एका पिनेचा खर्च टाळण्यापासून ही साखळी सुरू होते. ट्रॅक्टर नेहमी सीटवर बसून, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबूनच सुरू करावा. जमिनीवर उभे राहून कधीही नाही.

तसेच घाटाचे. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे भरलेली ट्रॉली घेऊन जाणारे ट्रॅक्टर आपण पाहतो. चढताना ज्या गिअरने चढलो, उतरतानाही त्याच गिअरने उतरायचे, क्लच दाबायचा नाही, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचे नाही. कारण उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत असते आणि पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. एकदा गिअर बाहेर आला की जुन्या गिअरबॉक्समध्ये तो धावत्या ट्रॅक्टरवर परत पडत नाही. म्हणून ज्याचा गिअर आपोआप सटकतो, तो ट्रॅक्टर शेतात त्रास देतो एवढेच. घाटात तो जीव घेतो. गोळी-स्प्रिंग बदलेपर्यंत तो उतारावर नेऊ नका.

ज्यांना हे हाताने शिकायचे आहे, त्यांच्यासाठी मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुधनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्येही ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो. गावात एक जरी मुलगा असा शिकून आला, तरी वापशाच्या दिवसांत शहराकडे ट्रॅक्टर ओढत आणायची पाळी निम्म्या लोकांवर येणार नाही.

तोवर तुम्ही एवढे करा. नांगरटी आटोपली, की मृग लागायच्या आधी एका सकाळी पट्टी घेऊन पॅडलची चाल मोजा, क्लचखालचे भोक पाहा, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. मोजलेला आकडा तारखेसह भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात तो किती बदलला, ते पाहिले की काय झिजते आहे ते तुमचे तुम्हालाच कळेल. आणि मेकॅनिककडे आलात की 'गिअरबॉक्स गेला' असे सांगू नका. 'इंजिन बंद असताना पडतो, चालू असताना करकरतो,' असे सांगा. तुमचे काम लवकर होईल, आणि बिलही तुम्हाला कळेल असेच होईल.